चिरकारी वेदना : डॉक्टरांचे संवादशिक्षण

चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) वेदनेच्या रुग्णास दुखण्याचे स्वरूप, उपचारांच्या मर्यादा व त्यांतील त्याचा स्वतःचा वाटा समजावून देण्याचे कौशल्य शिकविणारी वैद्यकीय शिक्षणाची शाखा. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या वेदनेस चिरकारी म्हणतात. तीव्र वेदना बहुधा इजेची सूचना देते. चिरकारी वेदनेत मात्र इजा भरून आल्यावरही मेरुरज्जू व मेंदू यांतील वेदनावाहक यंत्रणा अतिसंवेदनशील राहू शकते. त्यामुळे क्ष-किरण चित्र व दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. ‘फोटोत काही नाही’ हे डॉक्टरांचे वाक्य दिलासा म्हणून उच्चारलेले असते; रुग्ण त्याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा घेतो आणि दुसरा दवाखाना गाठतो.

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात या शिक्षणाची निकड स्पष्ट दिसते. निंदण व कापूसवेचणी ही वाकून करावयाची कामे मुख्यतः स्त्रियांकडे असतात. कंबर, मान व गुडघे यांचे दुखणे अंगवळणी पडते. हंगामात विश्रांतीचा सल्ला म्हणजे मजुरी बुडविण्याचा सल्ला होय. साहजिकच मागणी सुईची व लगेच गुण देणाऱ्या गोळीची असते. शोथरोधी वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो व मूत्रपिंडांस इजा पोहोचते. भातकुली तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो. तेथे मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या असल्याने रुग्ण दुकानातून परस्पर कोणत्या गोळ्या घेतो, हे विचारणे अगत्याचे ठरते.

रुग्णाच्या शब्दांत निदानाचे धागे असतात. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या हे शब्द समानार्थी नव्हेत; आग होणे व मुंग्या येणे यांवरून तंत्रिकाजन्य वेदनेची शंका येते. तिच्यावर अल्प मात्रेत दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलीन हे मुळात अवसादरोधी औषध आहे. गुण येण्यास काही आठवडे लागतात हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण ते चार दिवसांत सोडतो. आणि ‘ही वेडाची गोळी आहे’ असे कोणाकडून कळल्यास डॉक्टरांवरील विश्वासही सोडतो.

अशा संभाषणाचा सराव करण्यासाठी हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा वापर सुरू केला. भारतीय वैद्यक परिषदेने ‘वृत्ती, नीती व संज्ञापन’ (एटकॉम) हा घटक २०१९ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आणला. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पाठ्यपुस्तके इंग्रजीत आणि रुग्णाचे बोलणे वऱ्हाडीत, हे अंतर वर्गातील भूमिकाभिनयापेक्षा घरोघरच्या भेटींत अधिक कमी होते. सरावात विद्यार्थ्याने रुग्णाचे बोलणे न तोडता ऐकणे, दुखण्यामुळे कोणते काम अडते हे विचारणे आणि सांगितलेले रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेणे अपेक्षित असते. उद्दिष्टही त्याच बोलीत ठरते : वेदना शून्यावर आणणे हे नव्हे, तर विहिरीवरून पाणी आणता येणे किंवा रात्री सलग झोप लागणे.