जखडलेला जबडा : सांधा हाडाने जुळून जातो तेव्हा

वार्षिक अहवालाची ही पाने आम्ही एखाद्या विकाराची सविस्तर ओळख करून देण्यासाठी राखून ठेवतो. या वेळी निवडलेला विकार फार मोठ्या संख्येने आढळणारा नाही. पण ज्या घरात तो शिरतो, तेथील मुलाचे खाणे, बोलणे, झोपणे आणि वाढणे हे सर्वच त्याने अडून राहते. त्याच्या उपचारात शस्त्रक्रियेचा वाटा जितका आहे, तितकाच पुढच्या कित्येक महिन्यांच्या चिकाटीचाही आहे. म्हणून देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांसाठी हे विवेचन येथे करीत आहोत.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सांधा आखडणे आणि सांधा जुळून जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आखडलेल्या सांध्यात भोवतालची त्वचा, स्नायू किंवा सांध्याचे आवरण आक्रसलेले असते. आतील दोन हाडे मात्र वेगळीच असतात. जुळलेल्या सांध्यात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा नष्ट झालेली असते आणि तिच्या जागी आधी चिवट तंतू व पुढे प्रत्यक्ष हाड तयार होते. यालाच वैद्यकीय परिभाषेत अँकिलोसिस म्हणतात. तंतूंनी जुळलेला सांधा थोडाफार हलतो आणि हलवताना दुखतो. हाडाने जुळलेला सांधा मुळीच हलत नाही आणि दुखतही नाही. ही वेदनाशून्यताच घातक ठरते, कारण जे दुखत नाही त्यासाठी घरातली माणसे दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत.

क्षयाने किंवा पू होऊन बिघडलेला खुबा वा गुडघा, दीर्घकाळचा संधिवात, भाजल्यानंतर महिनोन् महिने एकाच स्थितीत राहिलेला कोपर, अशा अनेक वाटांनी सांधा या अवस्थेला पोहोचतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारात तर पाठीचे मणके एकमेकांना जुळत जाऊन क्ष-किरण चित्रात कणा बांबूसारखा दिसू लागतो. (घोट्याचा असह्य दुखणारा, पार झिजलेला सांधा शल्यचिकित्सक कधी कधी मुद्दाम जुळवून टाकतात, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथे हालचाल गमावून वेदनामुक्ती मिळवायची असते.) या सर्वांत मुलांच्या जबड्याचा सांधा आम्हांला अधिक विचार करायला लावतो, कारण त्याचा आरंभ बहुधा एका साध्या पडण्यातून होतो.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंडाची उघडझाप केली, तर बोटाखाली काहीतरी सरकताना जाणवते. तो हा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या उथळ खळग्यात बसलेले असते आणि दोहोंमध्ये एक पातळ चकती असते. मूल ओट्यावरून, जिन्यावरून किंवा झाडावरून हनुवटीवर आपटले, की त्या आघाताचा जोर जबड्यातून थेट या टोकांपर्यंत पोहोचतो. लहान वयात या टोकाचे बाहेरील कवच पातळ असते आणि आत रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे ते प्रौढांसारखे सरळ मोडण्याऐवजी सांध्याच्या आतच चेचले जाऊ शकते आणि सांध्यात रक्त साठते.

हनुवटीची जखम सर्वांना दिसते. तिला टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले जाते. कानापुढे बोट ठेवून तपासण्याचे मात्र राहून जाते. पुढचे काही आठवडे मूल दुखते म्हणून तोंड उघडत नाही, आई मायेने पेज आणि मऊ भात भरवते, आणि न हललेल्या त्या सांध्यात साठलेल्या रक्ताचे आधी तंतू व मग हाड होऊ लागते. वाढत्या वयात हाड तयार करण्याची शरीराची जी शक्ती एरवी वरदान असते, तीच येथे उलटते. कानातील जुनाट पू सांध्यापर्यंत पसरूनही हेच घडू शकते.

तोंड उघडत नाही असे म्हणताच अनेकांना दातखीळ आठवते. पण दातखीळ बसते ती स्नायूंच्या आकडीने. तरुणांमध्ये सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडेनासे होते, त्यात गालाच्या आतील अस्तर ताठर झालेले असते, सांधा शाबूत असतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी असे रुग्ण येतच आहेत. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

सांधा जुळलेल्या मुलाच्या दातांमधून कधी कधी चमचाही आत जात नाही. भाकरी वरणात कुस्करून, पडलेल्या दाताच्या फटीतून बोटाने आत ढकलून ही मुले जेवतात. दात घासता येत नाहीत, किडलेल्या दातांवर उपचार करता येत नाहीत. शिवाय जबड्याच्या वाढीचे एक केंद्र याच टोकाशी असल्याने खालचा जबडा मागे राहतो. एकच बाजू जखडली असेल तर हनुवटी त्या बाजूला वळते. गंमत अशी, की रोगट बाजूचा गाल भरलेला आणि निरोगी बाजूचा चपटा दिसतो. त्यामुळे पालक बहुधा चांगल्या बाजूकडेच बोट दाखवतात. दोन्ही बाजू जखडल्या तर हनुवटी जवळजवळ नाहीशी होते, जीभ मागे रेटली जाते आणि झोपेत श्वासमार्ग अडतो. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबून दचकून उठते, आणि दिवसा वर्गात पेंगते. शाळेत त्याला आळशी म्हटले जाते. आमच्या मते या विकाराचे सर्वांत गंभीर अंग हेच आहे, कारण चेहऱ्यापेक्षा श्वासाची चिंता आधी केली पाहिजे.

शस्त्रक्रियेतील पहिली कसोटी भूलतज्ज्ञांची असते. तोंडच उघडत नसल्याने श्वासनलिकेत नळी नेहमीच्या मार्गाने घालता येत नाही. लवचीक फायबर-ऑप्टिक दुर्बिणीच्या साहाय्याने ती नाकावाटे घालावी लागते. ते न साधल्यास गळ्याला छिद्र पाडण्याची तयारी ठेवावी लागते. त्यानंतर कानापुढून छेद घेऊन जुळलेल्या हाडाचा पुंजका काढला जातो. येथूनच पापणी मिटवणाऱ्या चेहऱ्याच्या नसेच्या शाखा जातात आणि आतील अंगाला मोठी रोहिणी असते. म्हणून हे काम सावकाशीचे आहे. 1990 मध्ये लिओनार्ड कबान या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली, ती पुढे बहुतेक ठिकाणी आधारभूत मानली गेली. पुंजका पूर्ण काढायचा, त्या बाजूचे जबड्याचे पुढील टोकही काढायचे, एवढ्याने तोंड पुरेसे न उघडल्यास दुसऱ्या बाजूचे टोक काढायचे, मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचे अस्तर बसवायचे, गरजेप्रमाणे बरगडीचा कूर्चेसह तुकडा लावून जबड्याची उंची भरून काढायची, आणि व्यायाम लवकरात लवकर सुरू करायचा. श्वासाचा त्रास तीव्र असलेल्या मुलांत अलीकडे अनेक केंद्रांत आधी जबड्याची लांबी वाढवली जाते. हाड कापून त्याचे दोन भाग साधारण रोज 1 मिलिमीटर या गतीने दूर सारले, की मधल्या जागेत नवे हाड तयार होते. पायाच्या हाडांसाठी रशियात इलिझारोव्ह यांनी विकसित केलेले हे तत्त्व मनुष्याच्या जबड्यासाठी वापरल्याचे वृत्त अमेरिकेतून 1992 मध्ये प्रसिद्ध झाले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर 35 मिलिमीटर उघडलेले तोंड पाहून आम्हांला समाधान वाटते, पण ते समाधान तात्पुरते असते. हाडाची पुन्हा जुळण्याची ओढ कायम राहते. अपुरे हाड काढले गेले किंवा व्यायाम थांबला, की सांधा पुन्हा जखडतो. दुसरी शस्त्रक्रिया व्रणामुळे पहिलीपेक्षा अवघड असते. म्हणून पहिल्या काही दिवसांतच दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवून तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू होतो. तो दिवसातून अनेक वेळा, किमान सहा महिने आणि शक्यतो वर्षभर करायचा असतो. तो दुखतो. मूल रडते, आजीला ते पाहवत नाही, आणि "आज राहू दे" असे म्हटले जाते. नातेवाइकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाच्या अर्धा तास आधी द्यावे, पण व्यायाम चुकवू नये. पट्ट्यांची संख्या रोज वहीत लिहावी. ती एकाने जरी कमी झाली, तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे.

देणगीदारांपुढेही हाच मुद्दा ठेवावासा वाटतो. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी मदत मागणे सोपे असते, कारण तो आकडा एकरकमी आणि डोळ्यांत भरणारा असतो. गावाहून दर पंधरा दिवसांनी येण्याचे एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही, आणि तपासण्या चुकतात त्या बहुधा त्यापायीच. शस्त्रक्रियेसाठी दिलेली देणगी सत्कारणी लागायची असेल, तर तिचा काही भाग या फेऱ्यांसाठी राखून ठेवण्यास दात्यांनी संमती द्यावी, अशी आमची विनंती आहे.

मूल हनुवटीवर पडल्यास घरीही एवढे पाहता येते : तोंड उघडल्यावर मुलाची स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये बसतात का, हनुवटी एका बाजूला झुकते का, मागचे दात पूर्वीसारखे मिटतात का, आणि कानापुढे दाबल्यावर दुखते का. यांपैकी कशातही शंका आली, तर टाके घातल्यावरही जबड्याची तपासणी करून घ्यावी, लागल्यास सी.टी. स्कॅन करावा. मुलाच्या सांध्यात अस्थिभंग आढळला, तरी जबडा दीर्घकाळ बांधून ठेवला जात नाही. मोजक्या दिवसांच्या विश्रांतीनंतर हालचाल सुरू करण्यास सांगितले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा तरी तपासणीसाठी आणावे आणि येताना जुना केसपेपर, सी.टी. स्कॅनच्या फिल्म व व्यायामाची वही सोबत आणावी.