पिन बसली म्हणून चार्जर जुळत नाही

मुंबईच्या उपनगरांतल्या घरांत निन्टेन्डो स्विच हे गेमचं यंत्र बऱ्याचदा परदेशातून आलेल्या मामाच्या बॅगेतून उतरतं. चार्जरची पिन चपटी, आपल्या सॉकेटात नीट न बसणारी. मग बोरिवली स्टेशनबाहेरून कन्व्हर्टर येतो, नाहीतर थेट दुसरा चार्जरच.

त्याआधी मूळ अडॅप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं मोबाइलच्या टॉर्चखाली वाचावीत. स्विचच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं. आपल्या २३० वर तो निमूट चालतो. निन्टेन्डोच्याच जुन्या ३डीएसचा अमेरिकी अडॅप्टर मात्र फक्त १२० चा. कन्व्हर्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही!

डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, बसवून खेळायचं तर स्विचला १५ व्होल्ट लागतात. चार्जर आणि यंत्र हे आधी आपसात ठरवतात; बोलणी फिसकटली तर फटका यंत्राला. मार्च २०१८ मध्ये स्विचचं ५.० अपडेट आलं आणि नायको या दुसऱ्या कंपनीच्या डॉकवर ठेवलेली काही स्विच कायमची बंद पडली.

केबल तर साधी तारच, असं वाटतं. पण २०१६ साली गुगलचे अभियंता बेन्सन ल्युंग बाजारातल्या यूएसबी-सी केबली तपासत होते. एकीत वीजपुरवठ्याची आणि ग्राउंडची तार उलटसुलट जोडलेली निघाली. त्यांचा लॅपटॉप गेला.

म्हणून नवा चार्जर घेताना खूण बघावी: भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. दुकानदार घाई करत असला तरी काउंटरवरच टाकून बघा.