घरची कीड आणि घरचे उपाय
(नभोवाणीवरील भाषण)



घरांत बाळ यावयाचें असलें, म्हणजे आजीची जुनी पेटी उघडली जाते. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला बोंचते. म्हणून धुवून धुवून मऊ झालेलें एकादें सुती लुगडें बाहेर काढावयाचें आणि त्याचीं दुपटीं नि बाळोतीं करावयाचीं, ही रीत पुष्कळ घरांत अजून चालू आहे. रीत चांगलीच आहे. मात्र पेटीचें झांकण उचलतांच नाकाला एक उग्र वास झोंबतो. तो असतो डांबराच्या गोळ्यांचा. कपड्यांना कसर लागूं नये म्हणून ठेवलेल्या या गोळ्या दिवसेंदिवस झिजून नाहींशा होतात. पण त्या जातात कोठें? त्यांची वाफ होते, आणि ती वाफ कापडांत मुरून बसते. तेंच कापड मग बाळाच्या उघड्या अंगाभोंवतीं गुंडाळलें जातें.

यांतल्या पुष्कळ गोळ्या नॅफ्थॅलीन नांवाच्या पदार्थाच्या असतात. कांहीं मुलांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मतःच उणीव असते. आपल्या देशांतील अनेक समाजांत ही उणीव आढळते, मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक. आणि ती आपल्या मुलांत आहे, हें आईबापांना बहुधा ठाऊक नसतें. अशा बाळाच्या शरीरांत नॅफ्थॅलीन शिरलें, कीं रक्तांतील तांबड्या पेशी भराभर फुटूं लागतात आणि कावीळ चढते. काविळीचें द्रव्य मेंदूपर्यंत पोंचलें, तर मूल दगावतें किंवा जन्माचें अधू होतें. अशीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. कसरीसाठीं ठेवलेली वस्तु बाळाच्या जिवावर उठावी, याहून उलटा न्याय कोणता? म्हणून, विषाचा आधार शक्य तितका कमी घेऊन घर स्वच्छ आणि कीडमुक्त कसें राखावें, याविषयीं मी आज चार शब्द सांगणार आहें.

कीड दिसली कीं विष फवारावें, ही आपली संवय फार जुनी नाहीं. स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाला १९३९ सालीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण आढळला, आणि १९४८ सालीं त्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्या चूर्णानें हिंवतापापासून असंख्य माणसांचे प्राण वांचविले, हें कृतज्ञतेनें सांगितलेंच पाहिजे. परंतु थोड्याच वर्षांत ढेंकूण आणि डांस त्याला दाद देईनासे झाले. शंभरांतले नव्याण्णव ढेंकूण मेले, तरी उरलेला एक ज्या गुणामुळें वांचला, तो गुण त्याच्या संततींत उतरतो; आणि कांहीं पिढ्यांनंतर सगळी फौजच त्या गुणाची होऊन बसते. विष बदललें तरी कथा तीच. शिवाय हें द्रव्य मातींत, पाण्यांत आणि प्राण्यांच्या चरबींत वर्षानुवर्षें टिकून राहतें. भारतानें १९८९ सालीं शेतींतील त्याच्या वापरास मनाई केली. विषाची धार अशी बोथट होत जाते. मात्र ज्या कारणानें कीड घरांत आली, तें कारण जागच्या जागींच राहतें.

कीड आपल्या घरीं येते ती तीन गोष्टींसाठीं: अन्न, पाणी आणि आसरा. या तिन्ही वाटा बंद करणें हाच पहिला उपाय.

झुरळाचेंच घ्या. घरांतील लहान तपकिरी झुरळ अन्नावांचून बरेच दिवस काढतें. पण पाण्यावांचून त्याचें फार काळ निभत नाहीं. म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं ओटा आणि मोरी कोरडी पुसणें, गळता नळ दुरुस्त करणें, आणि खरकटें उघडें न ठेवणें यांचा जितका उपयोग होतो तितका कोणत्याहि वासाचा होत नाहीं. या झुरळाची मादी एका कोशांत तीस-चाळीस अंडीं वाहून नेते, आणि पुष्कळदां बाजारांतून आलेल्या कागदी खोक्यांबरोबरच ती घरांत प्रवेश करते. खोकीं सांठवूं नयेत. भिंतींतल्या आणि ओट्याच्या सांध्यांतल्या चिरा बुजवून टाकाव्या. तमालपत्र किंवा काकडीच्या साली ठेवल्यानें झुरळें जातात असें म्हणतात. वासानें तीं गेलींच, तर या कपाटांतून त्या कपाटांत जातील, एवढेंच. कणकेंत कालवलेली बोरिक पूड झुरळांना सावकाश पण खात्रीनें मारते. मात्र ती मुलांच्या पोटांत गेली तर त्यांनाहि विषच. जेथें रांगत्या मुलाचा हात पोंचत नाहीं, अशाच फटींत ती घालावी.

डांसांच्या बाबतींत पाण्याचें महत्त्व याहूनहि मोठें आहे. डेंगीचा प्रसार करणारा डांस गटारांत नव्हे, तर आपल्या घरच्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. कुंडीखालची बशी, शीतकपाटामागील पाण्याचें तबक, सज्जावर पडलेलें टायर, उघडें पिंप, हीं त्याचीं बाळंतघरें. अंड्यापासून उडता डांस होण्यास उष्ण हवेंत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक वार ठरवून सर्व भांडीं रिकामीं करावीं, आणि नुसतीं उपडीं न करतां आंतून खरखरीत घासावीं. कारण पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटलेलीं अंडीं कोरड्यांतहि महिनोनमहिने टिकतात. हा उपाय फुकटाचा आहे. पण तो सगळ्या चाळीनें मिळून केला तरच पुरा पडतो. डांसांच्या कॉइलचें म्हणाल, तर एका कॉइलच्या धुरांत सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असूं शकतात, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत दिसून आलें. निंबाचा पाला जाळला तरी धूर तो धूरच. मच्छरदाणीला मात्र धूरहि नाहीं आणि वासहि नाहीं.

आतां कोठीकडे वळूं. वैशाखांत गच्चीवर धान्याचें वाळवण घालणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना उष्णतामापक ठाऊक नव्हता, पण त्यांची रीत शास्त्रशुद्ध होती. धान्यांतील किडे आणि त्यांचीं अंडीं पन्नास अंशांपलीकडची उष्णता फार वेळ सोसूं शकत नाहींत. काळ्या कापडावर कडधान्याचा पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद झांकला आणि कडा दाबून बंद केल्या, तर भर उन्हांत आंतील उष्णता त्याहूनहि वर चढते. फक्त पेरणीच्या बियाण्याला ही फार कडक उष्णता लावूं नये. डाळींना आणि गव्हाला एरंडेल चोळून ठेवण्याची चालहि अशीच जुनी. भुंगा कडधान्याच्या दाण्यावर बाहेरून अंडीं चिकटवितो. तेलाचा पातळ लेप त्या अंड्यांचा श्वास कोंडतो, आणि अळी दाण्यांत शिरण्यापूर्वींच मरते. एका किलोला एक लहान चमचा तेल पुरे. निंबाच्या सावलींत वाळविलेल्या पानांचा उपयोग होतो, पण बेताचा. कारण त्या झाडाचें कीटकरोधक द्रव्य पानांपेक्षां बियांत अधिक असतें. ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे, त्यांनीं रवा-मैद्याची घट्ट बंद पिशवी बर्फाच्या कप्प्यांत, म्हणजे उणे अठरा अंशांच्या थंडींत, चार दिवस ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारठा पुरा जाईपर्यंत ती तशीच बंद ठेवावी, म्हणजे पिठाला दंव धरत नाहीं.

एक गोष्ट मात्र कधींहि करूं नये. गोदामांतील धान्यांत घालण्याच्या ज्या गोळ्या असतात, त्यांतून दमट हवेशीं संयोग होऊन फॉस्फीन नांवाचा प्राणघातक वायु निघतो. अशा गोळ्या राहत्या खोलींत ठेवल्यामुळें शेजारच्या खोलींत निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, असे प्रसंग आपल्या देशांत घडले आहेत. "ढेंकणांवर जालीम औषध" म्हणून कोणी त्या देऊं केल्या, तर त्या घरांत येऊं देऊं नका. ढेंकणांना उकळतें पाणी पुरेसें आहे. बाज अंगणांत काढून तिच्या सांध्यांत तें ओतावयाचें आणि अंथरुणें कढत पाण्यांत धुवावयाचीं. चिकाटीनें पुनः पुनः केल्यास गुण येतो.

धान्याप्रमाणें भांडीं व फरशी यांच्या सफाईंतहि थोडें रसायनशास्त्र कळलें, तर दहा बाटल्यांचें काम दोन डब्यांत होतें. घरांतील मळ मुख्यतः दोन जातींचा. एक तेलकट, त्याला क्षार लागतो. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें. धुण्याचा सोडा हा त्याचाच भाऊ. दुसरा मळ खनिज: नळाभोंवतीं सांचणारी पांढरी चुनखडी, तांब्या-पितळेवर चढलेला काळा थर. त्याला आम्ल हवें. चिंच आणि मीठ चोळतांच तांब्या लखलखतो, तो यामुळेंच. पण हेंच आम्ल शहाबादी फरशीवर किंवा कडाप्पाच्या ओट्यावर पडलें, तर दगडाची झिलई कायमची जाते; कारण हे दोन्ही दगड मुळांत चुनखडीचेच. तेथें साबणाचें पाणीच बरें.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ठेवण्याचा एक उपाय हल्लीं फार सांगितला जातो. फेंस जोरानें येतो, डोळ्यांना समाधान वाटतें. परंतु क्षारानें आम्ल मारलें आणि आम्लानें क्षार मारला, मागें राहिलें तें जवळजवळ नुसतें पाणी. दोन्ही वापरावयाचीं तर वेगवेगळीं वापरावीं. ही चूक निदान निरुपद्रवी आहे. पण ब्लीचिंग पावडरींत किंवा तशाच द्रावणांत आम्ल मिसळणें ही चूक जीवघेणी आहे. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि लहानशा न्हाणीघरांत तो फुप्फुसें जाळून काढतो. मग तें आम्ल संडास धुण्याचें असो कीं घरचें लिंबू असो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. "नैसर्गिक" हा शब्द निर्भयतेचें प्रमाणपत्र नव्हे. कापूर देवघरांतला म्हणून आपण तो निःशंकपणें कपाटांत ठेवतों. पण आज मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून रासायनिक कृतीनें बनतो, आणि झाडाचा असला तरी अवघा एक ग्रॅम कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतूं शकतो. निंबाचें तेल पोटांत दिल्यानें तान्हीं मुलें गंभीर आजारी पडल्याचें मलेशियांतील डॉक्टरांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें होतें. ज्या रिठ्यानें आपण रेशीम आणि दागिने धुतों, त्याच रिठ्याचा फेंस तळ्यांत मासे मारतो, आणि डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग आग करतो. उलटपक्षीं, जेथें खरोखर जंतूंचें भय आहे, म्हणजे घरांत हगवण-वांतीचा रोगी आहे, तेथें लिंबू आणि व्हिनेगर यांच्यावर विसंबणें हा अपराध होईल. तेथें आधीं साबणानें धुवून मग ताजें, योग्य प्रमाणांत पातळ केलेलें ब्लीचिंगचें पाणीच वापरलें पाहिजे. तात्पर्य, वस्तु कोणत्या कुळांतली हें पाहण्याऐवजीं ती काम कसें करते, किती लागते आणि कोणाच्या हातीं लागेल, हें पाहावें.

आतां शेवटीं पुनः त्या पेटीकडे येऊं. आपण सरसकट कसर म्हणतों, तिच्यांत दोन निराळे जीव आहेत. एक पतंगाची अळी. ती लोंकर आणि रेशीम खाते, आणि त्यांतहि घामाचा किंवा अन्नाचा डाग असेल तेथें प्रथम तोंड घालते. दुसरा चंदेरी, सुळकन् पळणारा किडा. त्याला खळ, कागद आणि ओल लागते. म्हणजे लोंकरीचे आणि रेशमी कपडे डाग काढून, ऊन दाखवून, घट्ट बांधून ठेवले. सुती कपडे खळ न घालतां खडखडीत वाळवून ठेवले. आणि पावसाळा सरतांच सारी पेटी एकदां झाडून घेतली, कीं कसरीला तेथें येण्याचें कारणच उरत नाहीं. सोबत वेखंडाच्या चार कांड्या पुरचुंडींत बांधून ठेवा, हवें तर. पण खरें काम उन्हाचें आणि झाडणीचें.

आणि आजीच्या त्या मऊ सुती लुगड्याचें काय? तें अनेकवार धुतलेलें, बिनखळीचें. त्याच्यावर कसरीची फारशी नजरच नव्हती. त्याच्यासाठीं गोळ्यांची गरजच नव्हती. तरीहि ज्यांच्या पेट्यांत त्या आहेत, त्यांनीं त्या आजच काढून टाकाव्या. कपडे साबणानें धुवून अनेक दिवस वाऱ्या-उन्हांत टाकावे. आणि वासाचा लवलेशहि राहिला असेल, तर तें कापड बाळाला लावूं नये. आजीची माया बाळाला त्या लुगड्यांतून मिळूं द्या. पेटींतलें विष मिळूं देऊं नका.