नित्याच्या शब्दांचे नवल

इंग्रजीच्या ज्ञानाची कसोटी म्हणून आपल्याकडे बहुधा दुर्मिळ शब्दांचीच परीक्षा घेतली जाते. स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी लांबलचक आणि जिभेला न झेपणारे शब्द अर्थासह घोकून ठेवतात, शब्दकोड्यांचे शौकीन ते वहीत उतरवून ठेवतात; आणि ज्याच्या संग्रही असे शब्द अधिक तो इंग्रजीचा अधिक जाणकार, अशी समजूत आपल्या सुशिक्षित समाजात वहिवाटीने रूढ झाली आहे. या परिश्रमांबद्दल मला आदरच आहे. तथापि ज्या शब्दांचे अर्थ आपणांस पाचव्या-सहाव्या इयत्तेपासून ठाऊक आहेत असे आपण धरून चालतो, त्या नित्याच्या शब्दांच्या पोटी जे नवल असते, ते अवजड शब्दांत क्वचितच सापडते, असे माझे कोशवाचनाअंती झालेले मत आहे.

‘डिफेनेस्ट्रेशन’ हा शब्दच पाहा. एखाद्यास खिडकीतून बाहेर फेकून देणे, हा त्याचा अर्थ. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात संतप्त प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीबाहेर भिरकावून दिले. तिघेही बचावले, परंतु त्या कृत्यातून युरोपास तीस वर्षे जाळणारे युद्ध पेटले. प्रसंग मोठा नाट्यमय खरा, पण शब्दाची घडण अगदी सरळ आहे: लॅटिन भाषेत ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, एवढे कळले की त्यात आणखी शोधण्यासारखे फारसे उरत नाही.

याउलट ‘विंडो’. हा शब्द मूळचा इंग्लंडचा नव्हेच. नवव्या शतकापासून उत्तरेकडील समुद्र ओलांडून जे नॉर्स लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत आले, आणि प्रथम लुटारू म्हणून येऊन पुढे शेतकरी म्हणून स्थायिक झाले, त्यांच्या भाषेतील ‘विंडाउगा’ या सामासिक शब्दाचे हे झिजलेले रूप आहे. ‘विंड’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. ज्या घरांना काचेचे तावदान ठाऊक नव्हते, त्या घरांच्या भिंतीतील अथवा छपरातील झरोक्यास वाऱ्याचा डोळा हे नाव किती यथार्थ होते! आता आपल्या संस्कृतकडे वळावे. खिडकीस तेथे ‘वातायन’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. आणि ‘गवाक्ष’ही म्हणतात, म्हणजे बैलाचा डोळा. वारा आणि डोळा या दोन्ही कल्पना गंगेच्या काठी आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर परस्परांचा पत्ता नसताना सुचल्या, हे एक आश्चर्य. आणि ‘विंड’ व ‘वात’, ‘आउगा’ व ‘अक्षि’ या जोड्या भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच पुरातन कुळातील आहेत, हे त्याहून मोठे आश्चर्य. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या ज्या नात्याचा उच्चार केला, त्याचा दाखला असा आपल्या घराच्या भिंतीत मिळतो.

‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ या शब्दांचा आजचा डामडौल पाहून त्यांचा जन्म स्वयंपाकघरात झाला असेल, अशी शंकाही येत नाही. प्राचीन इंग्रजीत पहिल्याचे रूप ‘हलाफवेअर्ड’ असे होते आणि त्याचा अर्थ भाकरीचा राखणदार. दुसरी ती भाकरीची कणीक मळणारी. आपल्याकडे धन्यास ‘पोशिंदा’ म्हणताना हाच भाव असतो.

अर्थ उलटेपालटे होण्याचीही उदाहरणे आहेत. ‘नाइस’ हा शब्द लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञ, यापासून आला आणि आरंभी मूर्खाविषयी वापरला जाई. तर ‘सिली’ म्हणजे पूर्वी धन्य, पुण्यवान. पुण्यवानाचा भोळा आणि भोळ्याचा मूर्ख कसा होतो, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. सम्राट अशोकाने शिलालेखांत अभिमानाने मिरविलेली ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढे संस्कृत पंडितांच्या तोंडी मूर्खाचा पर्याय होऊन बसली.

१०६६ साली नॉर्मन लोकांचा अंमल बसला आणि इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच भाषा आली. ‘कोर्ट’, ‘जज्ज’, ‘टॅक्स’, ‘प्रिझन’ हे शब्द तेव्हाचे. ‘हाऊस’, ‘ब्रेड’, ‘मिल्क’, ‘फील्ड’ मात्र रयतेचे, म्हणून इंग्रजीचे राहिले. आपल्या मुलखातही फिर्याद, अर्ज, दाखला आणि वसूल हे शब्द फारसी दफ्तरातून आले, पण पेरणी आणि मळणी आपलीच राहिली, ही गोष्ट ध्यानात घेतली की त्या दूरच्या इतिहासाशी आपली ओळख तत्काळ पटते.

मराठी मुलखातूनही इंग्रजीत काही शब्द गेले आहेत. ‘मंगूस’ हे आपले ‘मुंगूस’च, त्याचा ‘गूस’ या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही, आणि म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही. मुंबईच्या डोंगरी भागावरून नाव पडलेले जाडेभरडे सुती कापड खलाशांच्या अंगावर चढून ‘डंगरी’ झाले. परंतु सर्वांत करुण कथा ‘डूलाली’ या शब्दाची आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत थांबत. ही जहाजे केवळ हिवाळ्याच्या हंगामात सुटत, त्यामुळे ज्याची मुदत शेवटचे जहाज गेल्यावर भरे, त्यास अनेक महिने काम नाही आणि घर नाही अशा अवस्थेत, उन्हाळ्याच्या काहिलीत कंठावे लागत. त्यांतील काहींच्या मनावर जो परिणाम होई, त्यास शिपाईगडी ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. इंग्लंडमध्ये आजही माणूस भ्रमिष्ट झाला की तो ‘डूलाली’ झाला म्हणतात. ज्या गावी आपली माणसे हवापालटासाठी जात आली, त्याच्या नावास परमुलखात हा अर्थ चिकटावा, याचे मला वाईट वाटते.

या सर्व नोंदी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या कोशकारांच्या तपश्चर्येने. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली ज्या महाकोशाचा संकल्प सोडला, त्याची सूत्रे १८७९ साली जेम्स मरे यांच्या हाती आली. बागेतील पत्र्याच्या खोलीत बसून, देशोदेशींच्या वाचकांनी हौसेने पाठविलेल्या लक्षावधी चिठ्ठ्या त्यांनी लावल्या; या साहाय्यकांत काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले फिट्झएडवर्ड हॉल हेही होते. पहिला भाग १८८४ साली निघाला, मरे १९१५ साली निवर्तले आणि ग्रंथ पूर्ण झाला तो १९२८ साली, ४,१४,८२५ शब्दांच्या नोंदींसह. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत प्रदीर्घ नोंद कोणत्या शब्दाची, तर ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची, चारशेंहून अधिक अर्थांची!

शिक्षकांस आणि पालकांस माझी एवढीच विनंती आहे की, मुलांच्या हाती कोश देताना अर्थाबरोबर शब्दाची व्युत्पत्तीही वाचावयास सांगावी, आणि आरंभ सोप्या शब्दांपासून करावा. ‘शुगर’ हा शब्द त्यास उत्तम आहे. त्याची नोंद फ्रेंच, लॅटिन, अरबी, फारसी असा माग काढीत अखेरीस आपल्या ‘शर्करे’पर्यंत येऊन पोहोचते.