न वाजणाऱ्या घंटा

दिल्लीचे राष्ट्रपती भवन पाहून आलेला माणूस बहुधा आकडे सांगतो: ३४० खोल्या, सुमारे ७० कोटी विटा, ३३० एकरांचा परिसर. आकडे खरे आहेत; पण ही वास्तू मुळात डोळे दिपवण्यासाठीच उभारली होती. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि एडविन लुटियन्सच्या आराखड्यानुसार रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयसाठी हा प्रासाद उभा राहिला. रयतेने खालून मान वर करून पाहावे, हा त्यामागचा हिशेब. आजही तिथून नुसते थक्क होऊन परतलो, तर तो हिशेब आपणच पुरा केला असे होईल. ही वास्तू पाहावी ती नव्या मालकांनी तिचा वापर कसा बदलला, हे शोधत.

मुळात तो हिशेबही पुरता जमला नव्हता. कर्तव्य पथावरून दुरून डौलदार दिसणारी ही इमारत चढाच्या पायथ्याशी आले की टेकडीआड बुडते. चढाचा उतार हर्बर्ट बेकरच्या सचिवालयांच्या सोयीने ठरला, यावरून लुटियन्सचे त्याच्याशी बिनसले. खांबांच्या माथ्याशी पाहिले तर दगडात कोरलेल्या छोट्या घंटा दिसतात. घंटा वाजली की राजवट बुडते, दगडी घंटा मात्र कधीच वाजणार नाही, अशी त्यांच्याबद्दल एक कथा सांगतात. घंटा वाजल्या नाहीत. तरी १९३१ मध्ये उद्घाटन झालेल्या या राजधानीतून ब्रिटिश सत्ता सोळा वर्षांत गेली.

मग व्हाइसरॉयचा हा डोलारा लोकशाहीने का सांभाळावा? हा आक्षेप हलका नाही. गांधीजींना तर इथे रुग्णालय व्हावे असे वाटत होते. गरीब देशाच्या प्रमुखाने अशा प्रासादात राहणे त्यांना खटकत होते आणि ते खटकणे रास्तच होते. पण सत्ता जिथे मिरवत होती, तिथेच ती कायद्याच्या शपथेने बांधून घेण्यालाही मोल आहे. ज्या दरबार हॉलमध्ये व्हाइसरॉयचे सिंहासन होते, तिथेच १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरू मंत्रिमंडळाचा आणि २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांचा शपथविधी झाला. आज तिथे राष्ट्रपतींच्या आसनामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या राजगोपालाचारींनी व्हाइसरॉयचे भपकेदार शयनगृह नाकारून लहान खोल्या पसंत केल्या. पुढच्या राष्ट्रपतींनीही तीच वाट धरली आणि जुने दालन परदेशी पाहुण्यांसाठी राहिले. रुग्णालय झाले नाही. पण राहणाऱ्याने आपली गरज आखडती घेतली, हेही त्या आक्षेपाला दिलेले एक उत्तरच होते.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला ठरलेल्या वाटेवरचे, सजवलेले तेवढेच दिसते. ते खरे आहे. नावे बदलणेही सोपे असते: मुघल गार्डनचे २०२३ मध्ये अमृत उद्यान झाले आणि २०२४ मध्ये दरबार हॉलचा गणतंत्र मंडप. पाटी बदलल्याने वास्तू लोकांची होत नाही. तरीही एकेकाळी निमंत्रणाशिवाय जिथे पाऊल टाकता येत नव्हते, तिथे आज साधा नागरिक नोंदणी करून जातो, हा बदल पाटीपेक्षा खोल आहे. म्हणून तिथे गेल्यावर झुंबरांकडे बघून झाले की खांबांच्या माथ्यावरच्या त्या मुक्या घंटाही शोधाव्यात. त्या ज्यांच्यासाठी कोरल्या, ते गेले. आता त्या पाहायला रांगेत तिकीटधारक उभे असतात.