व्यायामाची मात्रा

पनवेल–माथेरान रस्त्यालगत वाढलेल्या सुकापूरपासून काही किलोमीटरांवर, खारघर येथे, टाटा मेमोरियल केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोगाचे संशोधन आणि उपचार करणारी संस्था आहे. परळला 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या कामाचा मोठा विस्तार या परिसरात झालेला असल्यामुळे पनवेल तालुक्यातील रुग्णांना पूर्वीइतकी मुंबईची वाट धरावी लागत नाही. अशा संस्थेत केमोथेरपीचे औषध रुग्णाची उंची आणि वजन पाहून मिलिग्रॅममध्ये ठरते, रेडिएशन ‘ग्रे’ या एककात मोजून दिले जाते, आणि दोन्हींची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये राहते. व्यायामाचा सल्ला मात्र, या रुग्णालयात असो वा त्या, बहुतेक वेळा ‘थोडे चालत जा’ एवढ्या तोंडी वाक्यात आटोपतो. गेल्या काही वर्षांतील संशोधन पाहता व्यायामालाही औषधाप्रमाणे मात्रा असते, आणि ती मात्रा देणारा माणूस नसेल तर सल्ला कागदावरच राहतो, असे म्हणण्यास सबळ आधार मिळतो.

हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध आकड्यांत मांडण्याची सुरुवात साधारणतः जेरी मॉरिस यांच्या 1953 मधील अभ्यासापासून धरली जाते. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांच्या मानाने हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ‘विश्रांती घ्या’ हाच सल्ला कितीतरी वर्षे टिकला. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यानंतर हातात लसीकाद्रव साचून सूज येते, ती वाढू नये म्हणून त्या हाताने जड काही उचलू नये, असे स्त्रियांना निक्षून सांगितले जाई. कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सूज असलेल्या 141 स्त्रियांवर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या गटात सूज वाढली नाही, उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले. ज्याला धोका मानले जात होते, तेच योग्य मात्रेत उपकारक ठरले.

तरीही व्यायामामुळे रुग्णाला बरे वाटणे वेगळे आणि त्यामुळे आयुष्य वाढणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर जून 2025 मध्ये ‘चॅलेंज’ या चाचणीने दिले. ख्रिस्तोफर बूथ, केरी कूर्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 पासून, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील केंद्रांवर, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 889 रुग्ण तपासले. सर्वांची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची केमोथेरपी पूर्ण झालेली होती, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. आरोग्यशिक्षणाची पुस्तिका दोन्ही गटांना मिळाली. एका गटाला तिच्या जोडीला तीन वर्षांचा आखीव व्यायामक्रम मिळाला, ज्यात पहिल्या वर्षी साधारण दर पंधरवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा प्रशिक्षित व्यक्तीशी गाठ ठरलेली होती. पाच वर्षांनी व्यायामगटातील 80.3 टक्के आणि पुस्तिकागटातील 73.9 टक्के रुग्ण रोग न उलटता जगत होते. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 90.3 आणि 83.2 टक्के भरले. हा फरक सात टक्क्यांचा आहे, म्हणजे अंदाजे चौदा रुग्णांना हा क्रम दिल्यास एक जीव वाचतो, आणि अनेक महागड्या औषधांनाही एवढे यश लाभत नाही. ‘व्यायाम करा’ असे दोन्ही गटांना सांगितले होते, ही बाब बातम्यांत फारशी आली नाही. या चाचणीचे मर्म मात्र तिच्यातच आहे. सल्ला समान होता, पाठपुरावा वेगळा होता.

मात्रा मोजण्यासाठी या चाचणीत ‘मेट’ हे एकक वापरले गेले. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तो एक मेट, आणि झपझप चालताना सुमारे चार. रुग्णाने आपल्या आधीच्या हालचालीत दर आठवड्याला दहा मेट-तासांची भर घालावी, असे उद्दिष्ट होते. झपझप चालण्याच्या हिशेबाने ही भर आठवड्याला अडीच तासांची होते. ‘आधीच्या हालचालीत भर’ या शब्दांना आपल्याकडे विशेष अर्थ आहे, कारण ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे घरोघरी ऐकू येणारे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही. धुणीभांडी आणि केरवारे आधीच्या हिशेबात धरलेले असतात, भर त्यांच्यावरची हवी. मात्रेचा परिणाम पाहण्यासाठी केल्या जाणाऱ्या मोजमापांपैकी सहा मिनिटांची चालचाचणी सर्वांत साधी आहे. तीस मीटर लांबीच्या सपाट मार्गिकेच्या दोन्ही टोकांना खूण ठेवतात आणि रुग्ण त्यांच्यामध्ये जमेल तेवढ्या वेगाने येरझाऱ्या घालतो. दम लागल्यास त्याने थांबावे, भिंतीला टेकावे, पण घड्याळ थांबत नाही, आणि सहा मिनिटांत कापलेले अंतर मीटरमध्ये लिहून ठेवतात. काही महिन्यांनंतर हाच आकडा वाढला, की हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची एकत्रित ताकद वाढल्याचे कळते.

हे घडते कसे, याची उकल अजून चालू आहे. व्यायामाने रक्तातील इन्सुलिन आणि शरीरातील सौम्य पण चिवट दाह कमी होतो, हे दुवे मान्य झालेले आहेत. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या गाठींची वाढ साठ टक्क्यांहून अधिक घटली, आणि तिच्यामागे अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्तात उतरणाऱ्या मारक प्रतिकारपेशींचा हात दिसला. उंदरांवरून माणसांबद्दल घाईने बोलू नये, हे खरे.

महाराष्ट्राला या विषयाचा वारसा नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यास प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला होता. टाटा मेमोरियलमध्ये नीता नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्णांवर घेतलेली योगाची चाचणी डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडली गेली. सोपी, आराम देणारी आसने आणि प्राणायाम उपचारांच्या त्या त्या टप्प्यानुसार बदलून शिकवण्यात आले होते. रोग न उलटण्यात 15 टक्के आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात 14 टक्के सापेक्ष सुधारणा जाहीर झाली. ‘सापेक्ष’ याचा अर्थ मूळ धोक्याच्या तुलनेतील, शंभरातील पंधरा रुग्ण नव्हे. शिवाय तुलनेसाठी घेतलेला गटही नेहमीचा व्यायाम करणारा होता, म्हणून या आकड्यांचा ‘योगाने कर्करोग बरा होतो’ असा अर्थ काढणे ही निव्वळ दिशाभूल ठरेल.

तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो, आणि तेथे व्यायामाची गरज अधिक ठोस आहे. मानेतील गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची चेता दुखावते, खांदा खाली ओघळतो, शर्ट घालणे किंवा फळीवरचा डबा काढणे अवघड होते. मार्गारेट मॅकनीली यांनी कॅनडात अशा 52 रुग्णांवर केलेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रमाक्रमाने वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा खांद्याचे दुखणे अधिक कमी झाले. अर्थात गिळता न आल्याने वजन घटलेल्या रुग्णाला अन्नाची सोय लावण्याआधी व्यायामाला जुंपणे घातकच होय.

सुकापूरसारख्या ठिकाणी उपचार संपवून घरी परतलेल्या रुग्णाला बहुधा नातेवाइकांची माया आडवी येते; पाण्याचा तांब्याही त्याच्या हातात दिला जातो. जून ते सप्टेंबर पावसामुळे रस्त्यावर चालणे कठीण, पण इमारतीखालचे पार्किंग आणि मजल्यावरची लांब मार्गिका यांवर दहा-दहा मिनिटांच्या खेपांनी अडीच तास भरता येतात. वेग ओळखण्याची खूण अशी, की चालता चालता बोलता यावे, गाता येऊ नये. ताप, घटलेल्या रक्तबिंबिका, फार कमी हिमोग्लोबिन किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, आणि हृदयावर ताण आणणारी औषधे घेतलेल्यांनी व्यायामाचा जोर त्यांच्याच सल्ल्याने ठरवावा. चॅलेंज चाचणीतही स्नायू व सांध्यांच्या तक्रारी व्यायामगटात 18.5 टक्के आणि दुसऱ्या गटात 11.5 टक्के होत्या, म्हणजे देखरेख असूनही दुखापती झाल्या.

पंधरवड्याची ती गाठ येथे कोण घेणार, हा प्रश्न उरतो. ते काम प्रत्येक वेळी कर्करोगतज्ज्ञाने करण्याची गरज नाही. तपासणीच्या तारखेला मीटर मोजून फाइलमध्ये लिहिणारा आणि मधल्या काळात फोन करून ‘या आठवड्यात किती चाललात?’ असे विचारणारा फिजिओथेरपिस्ट पुरे, मात्र त्या फोनसाठी पगारी वेळ राखून ठेवावा लागेल.