गोठण रोखणारे रसायन वितळणेही रोखते तेव्हा

एप्रिल २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलखननाचा फलाट पेटला आणि बुडाला. सुमारे १५०० मीटर खोलीवरच्या विहिरीतून तेल आणि वायू उसळत राहिले. मे महिन्यात त्यावर पोलादाचा एक अवजड घुमट उतरवण्यात आला. पण वर जाणारा मार्ग बर्फासारख्या स्फटिकांनी तुंबला आणि घुमट बाजूला ठेवावा लागला. ते स्फटिक बर्फाचे नव्हते, गॅस हायड्रेटचे होते. नंतर बसवलेल्या टोपीत मिथेनॉल सोडण्याची सोय करावी लागली.

गॅस हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंचा पिंजरा आणि त्यात कोंडलेला वायू. एक घनमीटर मिथेन हायड्रेट फुटले, तर नेहमीच्या दाबाला १६० घनमीटरच्या आसपास वायू मोकळा होतो. थंडी आणि दाब एकत्र आले की हे पिंजरे बनतात. ४ अंश सेल्सिअसला वातावरणाच्या साधारण चाळीसपट दाब पुरतो, आणि दीड किलोमीटर खोल समुद्रात तो दीडशेपट असतो. वायूच्या पाइपलाइन तुंबण्यामागे साधा बर्फ नसून हायड्रेट असते, हे हॅमरश्मिट या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९३४मध्येच दाखवून दिले होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे मिथेनॉल किंवा ग्लायकॉल. हे रेणू पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढतात, त्यामुळे पिंजरा बांधायला पाणी सहज मिळत नाही. पाण्यात वजनाने २० टक्के मिथेनॉल असेल, तर हायड्रेट वितळण्याचे तापमान सुमारे १० अंशांनी खाली येते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर जाडे मीठ टाकले की बर्फ शून्याखालीही वितळतो आणि भोवतालची उष्णता शोषून घेतो. तोच हा प्रकार. हायड्रेट तर वितळताना, किलोमागे, बर्फाहूनही जास्त उष्णता घेते. त्यामुळे पाइपातला बोळा वितळू लागला की स्वतःच गार होतो आणि वितळणे मंदावते.

मिथेनॉल मात्र टनावारी लागते. म्हणून १९९०च्या दशकापासून दुसऱ्या जातीची रसायने पुढे आली. पीव्हीकॅप हे त्यांतले गाजलेले नाव. हे बहुवारिक पाण्यात एक टक्का किंवा त्याहून कमी असले तरी चालते. ते वितळण्याचे तापमान जवळपास बदलत नाही. त्याची लांब साखळी कोवळ्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि त्याची वाढ अडवते. हायड्रेट बनणे टळत नाही, लांबते. पण तेवढ्या अवधीत वायू किनाऱ्याला पोहोचला की काम झाले.

खरी गंमत पुढे आहे. पीव्हीकॅप असतानाही हायड्रेट बनलेच, तर ते वितळवायचे कसे? नॉर्वेतल्या स्टॅव्हेंजर विद्यापीठात आणि इतरत्र झालेल्या प्रयोगांत असे हायड्रेट अपेक्षित तापमान ओलांडल्यावरही तग धरून राहिलेले दिसले. रसायन जास्त, तसा हा उशीर जास्त. तापमान सावकाश वाढवले तर तो कमी होतो. म्हणजे स्फटिक मुळात अधिक स्थिर झालेला नसतो. त्याचे विघटन रेंगाळते. पृष्ठभागाला चिकटलेला रेणू बाहेरच्या पाण्याला आत येऊ देत नाही, तसाच आतल्या पाण्याला सहजी सुटूही देत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण आहे.

निसर्गातही याचे उदाहरण सापडते. अंटार्क्टिकातल्या माशांच्या रक्तात गोठणरोधक प्रथिने असल्याचे आर्थर डीव्रीज यांनी १९६०च्या दशकात शोधले. शरीरात शिरलेल्या बर्फाच्या कणांना ती वाढू देत नाहीत, म्हणून मासे जगतात. मग २०१४मध्ये लक्षात आले, की उन्हाळ्यात पाण्याचा गारठा थोडा कमी झाल्यावरही माशांच्या अंगातले काही कण वितळत नाहीत. जे प्रथिन जीव वाचवते, तेच बर्फालाही राखते.

पाइपलाइनवर काम करणाऱ्यांसाठी हायड्रेट वितळण्यातला हा उशीर जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. बोळा काढण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू उतरवतात. एकाच बाजूचा उतरवला, तर अर्धवट सुटलेला बोळा दाबाच्या रेट्याने भयंकर वेगाने धावतो आणि वळणावर पाइप फोडतो. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. तापमापक पाहून ‘वितळले असेल’ असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे.

भारतालाही यात लक्ष घालणे भाग आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली हायड्रेटचे जाड थर असल्याचे २००६च्या राष्ट्रीय मोहिमेत आढळले. दाब उतरवून तो मिथेन काढायचा झाला, तर गारठलेल्या विहिरीत आणि पाइपात हायड्रेट पुन्हा धरण्याचा धोका आहेच. तेव्हा हायड्रेट रोखणारे रसायन निवडताना ‘हायड्रेट किती तास रोखले’ एवढेच मोजून भागणार नाही. रोखूनही ते बनलेच, तर किती तापमानाला आणि किती वेळात सुटेल, याचीही चाचणी त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच काटेकोरपणे व्हायला हवी.